पाठीवरचे लाल डाग

मैत्रिणींनो, पाठ इतकी धरली होती की आज शिळफाट्याला जाऊन कपिंग, म्हणजे पाठीला कप लावून घ्यायचा उपचार, करून घेतलं. कपांनी कातडी ओढली गेली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

"ताई, आता थोडे दिवस वजन उचलू नका," कप लावणारी बाई म्हणाली. मी हो म्हणून घरी निघाले.

घरी आले तर नवरा ओल्या अंथरुणात पडलेला. लकवा मारल्यापासून त्याला मीच उचलते. आजही उचललं. तेव्हा मानेखालचे कपांचे लाल डाग त्याला दिसले.

"माज्यामुळं हाय ना गं हे?" म्हणून तो रडायला लागला. मला 'नाही' म्हणता आलं नाही. पाठ परत धरली आहे.

तुमच्यात कुणी एकटीनं असं माणूस सांभाळतंय का? कसं निभावता?