कॉलर चघळणाऱ्यांची शाळा

तिचं वय काकू म्हणण्याइतकं मुळीच नव्हतं. पण गळ्यात सदानकदा मापाची टेप, अंगावर टाचण्या खोचलेला एप्रन, आणि समोर कोणी आलं की आधी खांद्यापासून कमरेपर्यंत नजर फिरवायची खोड. त्यामुळे गल्लीने तिला कधीच मापकाकू करून टाकलं होतं. कपडे दुरुस्तीचं तिचं दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा, आणि कापायच्या टेबलाखाली एक मुलगी.

मुलगी तिचीच. घरात तोंडाचा पट्टा सुरू असायचा, पण दुकानात गिऱ्हाईक शिरलं की तोंडाला कुलूप आणि स्वारी टेबलाखाली गडप. बालवाडीत घातलं तेव्हा ती रोज दाराशी उभी राहून रडायची. शेवटी तिथल्या बाईंनीच हात टेकले. आता पहिलीत घालायची वेळ आली होती. पुन्हा तसंच झालं तर ही पोर शाळेचं नाव काढू देणार नाही, याची काकूला खात्रीच होती.

त्यांच्या भागात पालिकेच्या तीन प्राथमिक शाळा होत्या. तिन्ही फुकट, तिन्ही जवळ. त्यातली कुठली हवी ते शुक्रवारपर्यंत पालिकेला कळवायचं होतं.

काकूचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एके दिवशी तो तिन्ही शाळा बघून आला आणि जेवताना त्याने निकाल देऊन टाकला. "चढावरची शाळा एक नंबर. जिन्याचे कठडे काय भक्कम आहेत! मी हलवून बघितले."

"अहो, पोरीला शाळेत घालायचंय, कठड्याला टांगायचं नाहीये."

"बरं, मग तू कशावरून ठरवणार?"

"कपड्यांवरून," काकू म्हणाली, आणि ते ती अगदी मनापासून म्हणाली.

तिन्ही शाळांचे गणवेश तिच्याच दुकानात यायचे. चढावरच्या शाळेचे यायचे ते फक्त उंची वाढवायला. एरवी इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नसायची. तिथली मुलं दिवसभर हलतात तरी का, अशी काकूला शंका होती. बाजारामागच्या शाळेच्या पँटी गुडघ्यावर फाटलेल्या, खिसे उसवलेले, आणि खिशांत खडे, बिया, एकदा तर जिवंत गोगलगाय. पाण्याच्या टाकीजवळच्या शाळेच्या शर्टांचं मात्र एकच दुखणं होतं. कॉलरींची टोकं चघळून चघळून त्यांचा चोथा झालेला असायचा.

"पोरं कॉलर कधी चावतात, माहितीये?" काकूने नवऱ्याला विचारलं. "घाबरली की. गणिताच्या मास्तरांपुढे मी दोन शर्ट खाल्लेत. त्या टाकीजवळच्या शाळेत नक्की कोणीतरी जहांबाज बाई आहे. आपली पोर जाणार बाजारामागच्या शाळेत. गुडघे फुटतील, पण हसेल तरी."

"म्हणजे माझे कठडे बाद?"

"बाद."

बुधवारी ती मुलीला घेऊन बाजारामागच्या शाळेत गेली. शाळा होतीच तशी. मैदानभर नुसता दंगा, आणि मुली तर इतक्या मोकळ्या की चौघी धावत आल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "तुझं नाव काय? खेळतेस?" एवढं पुरलं. पोरगी आईच्या एप्रनमध्ये शिरली. टाचण्या टोचल्या तरी बाहेर येईना. फाटक्या गुडघ्यांवर काकूने फार भिस्त ठेवली होती आणि आता तिला काही सुचेना.

गुरुवारी फोन आला. टाकीजवळच्या शाळेच्या बाई. त्यांचा कोट बाह्या आखूड करायला दुकानात पडला होता. "कोट मला संध्याकाळी हवाय. वर्ग सोडून येता येत नाही. आणून द्याल का?" आवाजाला चांगलीच धार होती. काकूला लगेच त्या कॉलरी आठवल्या.

दुकानात मागे ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून मुलगीही बरोबर निघाली. शाळेत चिडीचूप. 'बघा, केवढा धाक!' काकू मनात म्हणाली आणि वर्गाच्या दारात थबकली.

बाई जमिनीवर मांडी ठोकून, हलक्या आवाजात गोष्ट वाचत होत्या. एक म्हातारा उंदीर होडीतून निघालेला आणि होडीला भोक पडलेलं. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं. सगळा वर्ग तोंडात कॉलर धरून बसला होता. पाणी छातीपर्यंत आलं तशी मुलं भराभरा चावायला लागली. काकूला स्वतःचंच हसू आलं. केवढी मोठी चूक करून बसलो होतो आपण!

दारात कोण आलंय हे एकाही मुलाने वळून बघितलं नाही. कोणी नाव विचारलं नाही. एप्रनमागून आधी एक डोळा बाहेर आला, मग दुसरा. पाणी उंदराच्या मिशांना लागलं तेव्हा काकूच्या हातातला इवलासा हात सुटला, आणि पोरगी शेवटच्या रांगेच्या कडेला जाऊन बसली.

"उरलेली उद्या," म्हणत बाईंनी पुस्तक मिटलं. वर्ग कळवळला, आणि त्या गलक्यात एक आवाज आला, "पण तो बुडतो का?"

आवाज ओळखून काकूच्या हातातला कोट खाली पडला.

"उद्या ये, म्हणजे कळेल," बाई म्हणाल्या. जणू ही पोर रोजचीच.

रात्री नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कॉलरी?"

"शिवीन मी," काकू म्हणाली.

शुक्रवारी सकाळी पालिकेच्या कचेरीत टाकीजवळच्या शाळेचं नाव देऊन काकू मुलीला घेऊन थेट शाळेत आली. मुलगी कालच्याच जागी जाऊन बसली. काकू दारात उभी राहिली. पोर रडली, मागे वळली, तर आपण समोर असलेलं बरं. बाईंनी कालची गोष्ट पुढे वाचायला घेतली आणि होडी बुडायला आली. मुलगी खरंच मागे वळली. काकूने पटकन दोन्ही हात पुढे केले.

"आई, उजेड अडतोय," मुलगी कुजबुजली. "तू जा ना."

काकू निघाली. फाटकापर्यंत ती हसत गेली आणि फाटकाबाहेर भिंतीला टेकून मनसोक्त रडली.