भाऊजींच्या नायिकेचा होकार

आमच्या भाऊजींइतका अरसिक माणूस अख्ख्या देवळी तालुक्यात शोधून सापडला नसता, आणि प्रेमकादंबरी लिहिण्याचा हट्टही त्यांच्याइतका कुणी धरला नसता. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतबहिणीचे, शांताताईचे यजमान. देवळीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. बस्त्याला आलेली नवरी मुलगी शालू अंगावर धरून जराशी लाजली, की हे म्हणायचे, "लाल की पिवळा, लवकर सांगा जी, मागं लोक उभे आहेत." नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास नागपूरहून परतताना एसटीत त्यांना कुणीतरी विसरलेली एक हलकीफुलकी कादंबरी सापडली. ती वाचताना ते इतके हसले की देवळी मागे पडली आणि ते थेट यवतमाळला उतरले. उतरतानाच त्यांनी ठरवलं, "असं तर मीबी लिहू शकतो." आणि भाऊजींनी ठरवलं, की मग ब्रह्मदेवाचाही इलाज नसे.

शर्टपीसच्या खोक्यांतून निघणाऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर ते लिहीत. एका हातात मीटरपट्टी, दुसऱ्यात पेन. नायक रंगात आला की गिऱ्हाइकाला कापड वीतभर जास्त जाई, नायकाची फजिती झाली की कमी. ब्लाउजपीस न्यायला पुलगावहून आलेल्या एका बाईंना त्यांनी अख्खं तिसरं प्रकरण ऐकवलं. बाईंची बस चुकली. पुढच्या आठवड्यात त्या चौथं प्रकरण ऐकायला दोन जावांना घेऊन हजर!

मी वर्ध्याच्या शाळेत मराठी शिकवायची, म्हणून पुठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडे आला. खरं सांगते, हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नायक मुलगी बघायला भलत्याच घरात शिरतो, दोन बश्या पोहे खातो, पसंती देतो, आणि मग कळतं की ती बाळंतपणाला माहेरी आलेली आहे. असे प्रसंग भाऊजींना सहज सुचायचे. पण गोष्ट अडली की ते बस बंद पाडत, एकूण तीनदा. आणि नायिका? अडीचशे पुठ्ठ्यांत ती अकरा वाक्यं बोलत होती, त्यातली सहा नुसती 'इश्श'.

"भाऊजी, ही शेवटी हो का म्हणते, तेच कळत नाही," मी म्हटलं.

"पोरगा चांगला आहे ना! अजून काय पाह्यजे तिले?"

ताईचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून पक्की प्रत करायचं काम तिच्याकडे गेलं. ती प्रत भाऊजी एका रविवारी मला दुकानात वाचून दाखवत होते. ताई डबा घेऊन आलेली. नायकानं लग्नाचं विचारलं आणि भाऊजी अडखळले. त्यांनी न लिहिलेलं वाक्य समोर होतं : 'मले कोणी विचारलं? तुम्ही पोहे खाऊन हो म्हणून गेले. मी तर दाराआडून तुमचे पायच पाह्यले.'

"हे कोणं लिहिलं?"

"मी," ताई डबा सोडत म्हणाली. "आपल्या देवळीत इश्श कोण म्हणते हो? आणि ती हो नाई म्हणणार. तिचं मन नाई झालं अजून."

दुसऱ्या कुणी तो कागद फाडला असता. भाऊजींनी नवा पुठ्ठा घेतला. रोज दुपारी ताई डबा घेऊन आली की ते विचारत, "आता म्हणते का हो?" ताई म्हणे, "नाई. त्यानं तिले काय आवडते, हे तरी विचारलं का?" मग नायक विचारी, म्हणजे भाऊजी विचारत. असं करता करता त्यांना कळलं की दुकानात न खपलेल्या ज्या हिरव्या साड्या ते वीस वर्षं घरी नेत होते, तो रंग तिला मुळीच आवडत नव्हता. लग्न ठरलं तेव्हा तिनं नर्सिंगचा फॉर्म भरून ठेवला होता, हेही कळलं. दोन वर्षं गेली, सात प्रकरणं वाढली, नायिका बधेना.

एके दिवशी भाऊजी दुकान बंद ठेवून तिला सेवाग्रामला घेऊन गेले. घरात सांगितलं, कादंबरीसाठी माहिती पाह्यजे. दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोघं बसली. पांढऱ्या गणवेशातल्या मुली गप्पा मारत ड्युटीवर जात होत्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुले वाईट वाटते का?" भाऊजींनी विचारलं.

"वाटते."

"मी तवाच विचाराले पाह्यजे होतं."

हे मला ताईनं पुढं सांगितलं. परतल्यावर आठ दिवस भाऊजींनी पेनला हात लावला नाही. नवव्या दिवशी मी दुकानात होते, तेव्हा ताई आपणहून म्हणाली, "लिहा. ती हो म्हणाली."

भाऊजी चष्मा पुसत राहिले. मग त्यांच्यातला लेखक जागा झाला. "पण काऊन? वाचक विचारन ना."

"त्यानं विचारलं, म्हणून."

कादंबरी वर्ध्याच्या एका छापखान्यात छापली गेली. बस अजूनही तीनदा बंद पडते. भाऊजींनी त्यातली एकही काढू दिली नाही. आता भाऊजी नाहीत. मी ते पुस्तक अधूनमधून काढते, जागोजागी हसते, आणि सेवाग्रामच्या बाकापाशी आले की माझं हसू थांबतं. विनोदी कादंबरीत हा मोठाच दोष. तेवढा एक मी भाऊजींना कधी दाखवला नाही.