घर पाहायला या, पण देवीदासभाऊंना विचारू नका

घर बांधलं तेव्हा जेमतेम दोन किस्से झाले, आणि दोन्ही गवंड्याचे. तेच घर विकायला काढलं, तर अडीच महिन्यांत इतके किस्से साचले की आता अकोल्याला संध्याकाळी बिल्डिंगच्या बायका खाली बसल्या की फर्माईश येते, "काकू, तो कुरडयांचा सांगा." मी सांगते. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, समोर चार माणसं गप्प बसलेली दिसली की माझं तोंड आपोआप सुरू होतं.

घर विकायचं कारण साधं होतं. आमची रश्मी अकोल्याला नोकरीला. बाळ पाच महिन्यांचं, जावई दूरच्या गावी, आणि तिची रजा जूनअखेर संपत होती. तिच्याच बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट मालकाने आमच्यासाठी तोवर थांबवून ठेवला होता. अमरावतीचं घर वेळेत विकलं गेलं, तरच तो घेता येणार होता. नाही तर नोकरी सोडते म्हणाली पोरगी. एवढी शिकलेली पोरगी नोकरी सोडायचं बोलते, तेव्हा आईला झोप कशी लागणार?

*

ब्रोकरने पहिल्याच दिवशी सांगितलं, घर मोकळं दिसलं पाहिजे, सामान कमी करा. आमच्याकडे सामान कमी करायचं म्हणजे गल्लीत वाटायचं. डबे एकीकडे, कपबशा दुसरीकडे, मिक्सर तिसरीकडे. घर इतकं छान दिसायला लागलं की मलाच विकावंसं वाटेना.

पहिलं गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको आणि दोन पोरं. घर पाहून निघाले, तर मी सवयीने म्हणून बसले, "चहा घेतल्याशिवाय नाही जायचं." आत गेले तर साखर नाही, कप नाहीत, गाळणीसुद्धा नाही. मी मागच्या दाराने तीन घरी निरोप दिला. तिन्ही घरांतून चहाचे ट्रे आले. प्रत्येकीला वाटलं, आपल्यालाच सांगितलंय.

बिचारी माणसं तीन-तीन कप चहा पिऊन गेली. ब्रोकर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, घर दाखवून राहिले का सोयरीक जमवून राहिले?"

*

एक साहेब होकायंत्र घेऊन आले. सगळं घर फिरून म्हणाले की जिथे बाथरूम आहे तिथे स्वयंपाकघर हवं होतं. आमचे हे गणिताचे शिक्षक. त्यांनी वही आणली आणि दोन्ही खोल्यांची अदलाबदल केली तर किती भिंती पाडाव्या लागतील ते शांतपणे मांडून दाखवलं. शेवटी उत्तराखाली दोन रेघाही मारल्या. साहेबांनी चपला घातल्या.

*

आता कुरडयांचा. एप्रिल संपत आलेला, आणि आमची गच्ची म्हणजे अख्ख्या गल्लीचं वाळवण. गव्हाचा चीक शिजवायचा आणि साच्यातून धोतरावर कुरडया घालायच्या, हे चार घरचं काम एकाच दिवशी आमच्या गच्चीवर चाललेलं. नेमकं तेव्हाच परतवाड्याचं कुटुंब घर पाहायला आलं.

गच्ची दाखवायला नेलं, तर पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्यातल्या आजी दारातच थांबल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या. त्यांनी पदर खोचला, साचा धरणाऱ्या बाईला "सरक" म्हणाल्या आणि स्वतः बसल्या. चीक पातळ झालाय, हेही सुनावलं. दोन तास बसल्या. लेक खालून हाका मारतोय, सून घड्याळ पाहतेय.

जाताना पिशवीभर कुरडया आणि वाटीभर गरम चीक घेऊन गेल्या. घर घेतलं नाही. पण परवा रश्मीच्या बाळासाठी त्यांनी दुपटं पाठवलं, स्वतः शिवून. आता अशा माणसांना गिऱ्हाईक म्हणायचं तरी कसं?

*

मे महिन्यात चांदूर रेल्वेहून एक जण वडिलांना घेऊन दुपारी तीनला आले. त्या उन्हात आमच्याकडे कुत्रंही सावली सोडत नाही. आमच्या यांनी तासभर आधीपासून कूलर लावून ठेवला होता, नवीन वाळ्याच्या ताट्या पाणी पिऊन गार झालेल्या. वडील दिवाणावर टेकले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले.

मुलाला लाजल्यासारखं झालं. उठवायला गेला, तर यांनीच अडवलं. मग आम्ही सगळे हळू आवाजात घर पाहिलं. कपाटंसुद्धा हलक्या हाताने उघडली. पाचला बाबा उठले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "घर पाहाची गरज नाई. मले समजलं."

मला वाटलं, झालं आता काम. मुलाने शेजारी सहज चौकशी करून येतो म्हटलं आणि तो गेला. पुन्हा त्याचा फोन आला नाही.

*

आता हे शेजारी म्हणजे देवीदासभाऊ. लाइनमन होते, आता रिटायर. दिवसभर ओट्यावर. आमच्या घराची वायरिंग त्यांनीच केलेली, पैसे न घेता. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या शेवग्याची एक फांदी आमच्या गच्चीवर आली होती. ते वलगावला लग्नाला गेलेले असताना आमच्या यांनी ती कापली. परत आल्यावर देवीदासभाऊंनी फांदी पाहिली आणि यांच्याशी बोलणं बंद केलं. माझ्याशी बोलायचे. हे समोर उभे असले तरी म्हणायचे, "वहिनी, यायले सांगा, नळ आला."

आमच्याकडे घर घेणारा माणूस घर पाहतो आणि मग शेजाऱ्याला विचारतो. होकायंत्रवाले साहेब सोडले तर सहा जणांनी घर पाहिलं, सहाही जणांना आवडलं, सहाही जण देवीदासभाऊंच्या ओट्यावर गेले आणि सहाही जण गायब. यांनी हिशोब मांडला. उत्तर एकच येत होतं.

जून लागला होता. मी थोडा चीक शिजवला, वाटीत घेतला आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. पण बसल्यावर तोंडून रश्मीचंच निघालं. तिची रजा, बाळ, तो फ्लॅट. देवीदासभाऊंनी चमचा वाटीत ठेवला.

"मी कोनाले खोटं नाई सांगतलं, वहिनी. घर एक नंबर हाये, हेच म्हटलं. फक्त म्हटलं, हे लोकं इकनार नाईत. उगाच दाखवून राहिले."

"असं काहून सांगतलं, भाऊ?"

त्यांनी चमचा पुन्हा उचलला आणि उरलेला चीक संपवला. "मले तसंच वाटून राह्यलं होतं," म्हणाले.

मी रिकामी वाटी घेऊन घरी आले आणि यांना काहीच सांगितलं नाही.

*

त्या रविवारी देवीदासभाऊ वलगावच्या एका शिक्षिकेला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन आमच्या फाटकात उभे. नऊ वर्षांनी आत आले. मला म्हणाले, तुम्ही बसा. आणि घर त्यांनीच दाखवलं. कुठली वायर कुठून गेली, पावसात कोणत्या कोपऱ्यात ओल येते, कोणती खिडकी पावसाळ्यात फुगते, सगळं. ब्रोकर कपाळाला हात लावून बसला. पण त्या बाई म्हणाल्या, इतकं खरं सांगणारा शेजार मिळतोय तर अजून काय पाहायचं. आठवड्यात इसार झाला.

त्या दिवशीही ते यांच्याशी बोलले नाहीत. "वहिनी, यायले सांगा, मीटरच्या खोलीची किल्ली द्या." हे दोन फुटांवर उभे होते. किल्ली दिली.

निघायच्या दिवशी अख्खी गल्ली टेम्पो भरायला आली. डबे, कपबशा, मिक्सर, सगळं बरोबर परत आलं. वर तिन्ही घरच्या कुरडया, लोणचं आणि बाळाचे कपडे. मी प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडले. त्या घरात आम्ही राहिलो खरे, पण सांभाळलं आम्हाला त्या गल्लीने, हे मला सामान परत येताना कळलं.

टेम्पो सुरू झाला तेव्हा देवीदासभाऊ ओट्यावरून उतरले. हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेली शेवग्याची फांदी, हातभर लांब, ताजी कापलेली. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ यांच्यासमोर गेले आणि फांदी त्यांच्या हातात दिली.

"मुंगना हाये. अकोल्याले लावजो," म्हणाले. "अन् फांदी कोनाच्या गच्चीवर गेली, त कापू देजो त्याले. माह्यासारखं करू नोको."