चादरीच्या दोन पिशव्या

अठरा वर्षांपूर्वी माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगराळ कॅम्पवर होती. उंची साडेबारा हजार फूट. मी नायक होतो आणि कॅम्पच्या गाड्या माझ्याकडे होत्या. तीन ट्रक आणि दोन लहान फोर-बाय-फोर. त्या दोनपैकी एक जुनी, पेट्रोलची. दुसरी त्याच वर्षी आलेली, डिझेलची.

दिनक्रम ठरलेला. ०५०० ला उठायचे. ०५३० ला गाड्यांची पाहणी: तेल, पाणी, हवा, चेन. ०६०० ला रिपोर्ट. बर्फ पडो वा ऊन, यात बदल नाही.

डिझेल गाडी लान्स नायक शिवलिंग हत्तुरे चालवायचा. तो अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीचा, मी माळशिरसकडचा. जिल्हा एक, म्हणून आमचे जमायचे. मला तो इतरांसारखाच उस्ताद म्हणायचा, पण त्या शब्दात थोडी चेष्टा असायची.

आता मी सोलापुरात गॅरेज चालवतो. डोंगरात फिरायची मोठी गाडी घ्यायची असली की लोक येतात आणि ताकद विचारतात. गाडी हातात कशी राहील हे कोणी विचारत नाही. खरे तर इंजिन बदलले की स्टेअरिंग बदलते. आमची पेट्रोल गाडी नाकाला हलकी होती. दोन बोटांनी वळायची. पण चढावर तिला सतत रेस द्यावी लागे, आणि रेस जास्त झाली की बर्फावर चाके जागच्या जागी फिरत. डिझेल याच्या उलट. लो गिअरला टाकून पाय काढून घेतला तरी ती मुंगीच्या चालीने चढायची आणि तशीच उतरायची. मात्र तिचे इंजिन जड. दोन माणसे बॉनेटवर बसवावीत एवढे वजन पुढच्या चाकांवर जास्त. मागे रिकामी असली की उतारावर मागची चाके हलकी पडत, सगळा भार पुढच्या चाकांवर येई, आणि बर्फाच्या वळणावर नाक वळायच्या ऐवजी सरळ जायला बघे.

शिवलिंगने हे पहिल्या आठवड्यात ओळखले.

"उस्ताद, ही गाडी म्हंजे पुढं दोन बैल बसवलेत आन् मागं मोकळं. आमच्यात बैलगाडी पुढनं दाबली तर माल मागं सारतेत की."

"मग सार."

"काय सारू? मागं मी एकटाच बसू का?"

त्याने वाळूच्या दोन पिशव्या केल्या. तागाची पोती थंडीत फुटत, म्हणून घरून आणलेली सोलापुरी चादर फाडली. लाल-निळ्या पट्ट्यांची. दाभणाने स्वतः शिवली, तोंडे दुहेरी टाक्याने बंद केली. प्रत्येकी पंचवीस-तीस किलो. मागच्या चाकांच्या वर, एक डावीकडे, एक उजवीकडे. गाडी सुधारली. मी स्वतः चालवून पाहिले.

"बायकू विचारंल, चादर काय केली?" तो म्हणाला. "सांगीन, गाडीला थंडी वाजत हुती."

फेब्रुवारीत सी.ओ. साहेबांचे इन्स्पेक्शन ठरले. इन्स्पेक्शनला गाडीत यादीबाहेरची वस्तू चालत नाही. सुभेदार साहेबांनी आदल्या दिवशी बजावले, "गाड़ी में फालतू कुछ नहीं दिखना चाहिए." इन्स्पेक्शनच्या सकाळी शिवलिंग ट्रकवर ड्यूटीला होता. मी त्या दोन पिशव्या काढल्या आणि कुकहाउसच्या मागे, लाकडांच्या ढिगाशेजारी टाकल्या. इन्स्पेक्शन १६३० ला संपले. साहेब "व्हेरी गुड" म्हणाले. मी खूश झालो. पिशव्या परत ठेवल्या नाहीत आणि शिवलिंगला सांगितलेही नाही.

दुसऱ्या दिवशी ०५४० ला वायरलेस वाजला. वरच्या चौकीवर एका जवानाला श्वास घेता येत नव्हता. ढग होते, हेलिकॉप्टर येणार नव्हते. गाडीने अकरा किलोमीटर वर जायचे, खिंड ओलांडून उतरायचे आणि त्याला घेऊन परत यायचे.

गाडी कोणती हे मला ठरवायचे होते. पेट्रोल एका सेल्फमध्ये सुरू होते. डिझेल त्या थंडीत गरम व्हायला दहा मिनिटे घेते. पण येताना आडवा झोपलेला पेशंट असणार, चढ खडा, गाडीला झटके बसता कामा नयेत.

"डिझेल ने," मी म्हणालो.

"व्हय उस्ताद."

त्याने गाडी सुरू करून गरम व्हायला सोडली. मी रिपोर्ट द्यायला वायरलेसच्या खोलीत गेलो. ०५५८ ला गाडी गेटबाहेर पडल्याचा आवाज ऐकला.

०६१० ला मला पिशव्या आठवल्या.

हँडसेट समोर होता. शिवलिंगकडे सेट होता. 'थांब, मागे दगड भर' एवढेच सांगायचे होते. पण सुभेदार साहेब शेजारी उभे होते. ते विचारणार, का? मग पिशव्या, मग माझा हलगर्जीपणा. मी हँडसेट उचलला. मनात म्हटले, तो शहाणा आहे, त्याच्या लक्षात येईल. हँडसेट खाली ठेवला.

०६५० ला चौकीवरून विचारणा आली. सेटवर चौकी म्हणजे टू, आम्ही वन.

"टू फॉर वन. गाडी अजून दिसत नाही. ओव्हर."

"वन. थांबा. ओव्हर."

०७०५ ला पुन्हा.

"टू फॉर वन. खिंडीच्या खाली, आमच्या बाजूला, तिसऱ्या वळणावर कठडा तुटलाय. चाकांच्या खुणा सरळ गेल्यात. ओव्हर."

सुभेदार साहेब माझ्याकडे वळले. "पेट्रोल निकालो. पहले पेशंट."

मी पेट्रोल गाडी काढली. मागे दोन जवान बसवले, वजनासाठीही आणि मदतीसाठीही. तिसऱ्या वळणावर मी थांबलो नाही. ऑर्डर तशी होती. खाली पाहिलेही नाही, ती ऑर्डर नव्हती. पेशंटला ०९२० ला खाली पोचवले. तो वाचला. शिवलिंगला दुसऱ्या युनिटच्या रिकव्हरी पार्टीने दुपारी वर आणले. गाडीतले सामानही त्यांनीच गोळा केले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला एक प्रश्न होता. गाडीतले वजन नेहमीसारखे होते का?

"येस सर," मी म्हणालो.

निष्कर्ष निघाला: बर्फावर गाडी घसरली. फाइल बंद झाली. मी पुढे हवालदार झालो, पेन्शनीवर आलो. गॅरेज काढल्यापासून तिथे आलेल्या एकाही माणसाला मी डिझेल घे म्हणालो नाही. कारण विचारले तर मेंटेनन्सचे काहीतरी सांगायचो. मैंदर्गीला एकदाच गेलो होतो, निवृत्त झालो त्या वर्षी. उंबऱ्यावरूनच नमस्कार करून परत आलो.

मागच्या महिन्यात शिवलिंगच्या मुलीचा, गौरीचा फोन आला. शिवलिंग गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. आता जनावरांची डॉक्टर आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या वस्त्यांवर फिरते, काळ्या रानातून, ओढ्यांतून.

"काका, गाडी घ्यायचीय. मित्राची पेट्रोल दोन दिवस आणलीय. तुमची डिझेल घेऊन या की. दोन्ही चालवून बघते, मग तुम्ही सांगा."

नाही म्हणायला कारण सुचले नाही. रविवारी दहाला पोचलो. महादेवी वहिनी, तिची आई, दारात उभ्या होत्या.

"बर्री अण्णा, बर्री, या की. आज तरी आत येणार न्हवं? का उंबऱ्याला हात लावून पळणार?"

मी आत गेलो. पाणी घेतले. मग आम्ही तिघे गावाबाहेरच्या बंद खाणीकडे गेलो. खाणीत उतरायला मुरमाची वाट आहे, मध्ये एक तीव्र वळण. आदल्या दिवशी पाऊस झालेला. गौरीने आधी पेट्रोल उतरवली. छान वळली, वर येताना मात्र चाके फिरली आणि चिखल उडाला.

"अगं, माझ्या लुगड्यावर!" वहिनी ओरडल्या.

मग गौरी माझ्या डिझेलमध्ये बसली. मी तिच्या शेजारी बसायच्या आधी मागे पाहिले. मागे काही नव्हते. गॅरेजचे सामान न्यायला सीट मीच काढून ठेवलेली. तिने लो गिअर टाकला. गाडीचे नाक उताराकडे झुकले.

"थांब," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. "इंजिन बंद कर. उतर."

"काय झालं काका?"

"मागे रिकामी आहे."

"मग काय होतंय? हळूच जाते की."

मी दार धरून उभा राहिलो. अठरा वर्षांपूर्वी ०६१० ला जे बोलायचे होते ते बोललो. इन्स्पेक्शन, पिशव्या, लाकडांचा ढीग, हँडसेट, इन्क्वायरी. वेळांसकट सांगितले. दुसऱ्या तऱ्हेने मला सांगता येत नाही.

गौरी किल्ली काढून खाली उतरली. वहिनींनी सगळे ऐकून घेतले.

"कसल्या पिशव्या म्हणालात?"

"चादरीच्या. लाल-निळ्या पट्ट्यांच्या. वाळू भरलेल्या."

"घरी चला," त्या म्हणाल्या.

घरी त्यांनी पलंगाखालून काळी ट्रंक ओढली. शिवलिंगच्या सामानाची, युनिटने पाठवलेली. टोपी, बेल्ट, घड्याळ, गळ्यातली लिंगाची चांदीची डबी, पत्रे. सगळ्यात खाली घडी घातलेले कापड. लाल-निळे पट्टे. दोन पिशव्या. एक उभी फाटलेली, दुसरी अखंड, फक्त तोंडाचा दुहेरी टाका उसवलेला. दोन्हींवर डिझेलचे काळे डाग.

"लई वर्सं मला कळंना, चादरीच्या पिशव्या कशापायी केल्या ह्यांनी," त्या म्हणाल्या. "आत वाळू हुती चिमूटभर. धुतल्या न्हाईत मी. वास तसाच हाय."

ट्रंकेतला एक कागद गौरीने वाचून दाखवला. रिकव्हरी पार्टीची यादी. गाडीतून मिळालेल्या वस्तू. सातव्या क्रमांकावर: कापडी पिशव्या, दोन, एक फाटकी.

मी कागद दोनदा वाचला. गाडीतून मिळालेल्या.

"अण्णा, तुमी काढल्या म्हणता. मग ह्या गाडीत परत कुणी ठेवल्या?"

उत्तर एकच होते. मी खाली बसलो. वहिनींनी तांब्या पुढे केला. मी रडलो असेन. गौरी म्हणते, रडलात.

"म्हंजे बर्फानंच नेलं त्यांना," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पिशव्यांची घडी घातली. मग, "पर तुमी खोटं बोलला साहेबाला."

"हो."

"ते तुमचं तुमी बगा. आदी भाकरी खावा."

म्हणून ते इथे लिहितो आहे. हँडसेट मी खाली ठेवला आणि इन्क्वायरीत मी खोटे बोललो. पिशव्या गाडीत होत्या म्हणून या दोन गोष्टी पुसल्या जात नाहीत. पण त्या रविवारी मैंदर्गीहून परतताना अक्कलकोट ओलांडले तेव्हा लक्षात आले, मी गाणे गुणगुणतो आहे. रात्री सलग सात तास झोपलो.

गौरीला मी डिझेल घ्यायला सांगितले. तिच्या मागे कायम कृत्रिम रेतनासाठीचा नायट्रोजनचा कंटेनर, औषधांची पेटी, कधी एखादे वासरू असते. मागे वजन असले की त्या इंजिनासारखे शांत उतरणारे दुसरे नाही. ज्याच्या मागे काही नसते त्याने पेट्रोल घ्यावी. आता मी विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो, आणि खरे सांगतो.

तिची गाडी आली त्या दिवशी वहिनींनी न फाटलेल्या पिशवीत नवी वाळू भरली आणि तोंड शिवले. टाका दुहेरी घातला.

डिझेल इंजिन थंडीत गरम व्हायला दहा मिनिटे घेते. ०५४८ ते ०५५८. तेवढ्या वेळात लान्स नायक शिवलिंग हत्तुरे कुकहाउसच्या मागे दोनदा गेला आणि एकेक पिशवी खांद्यावर घेऊन आला. कोणी काढल्या हे त्याला कळले असणारच. वायरलेसच्या खोलीचे दार वाटेतच होते. तो आत आला नाही. सुभेदार साहेबांसमोर त्याने माझे नाव घेतले नाही. पिशव्या जागेवर ठेवल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि वेळेवर निघाला.