काकांच्या लिनक्सचा पासवर्ड

आज ऑफिसात खंडेनवमीची पूजा झाली. लॅपटॉपवरच्या झेंडूचा उग्र वास आला आणि मला जांबे गावातले घरमालक काका आठवले. मी तेव्हा त्यांचा भाडेकरू, आणि मित्रांसाठी त्यांची हुबेहूब नक्कल करणारा.

काकांनी जमीन विकून सायबर कॅफे काढला होता. दसऱ्याला उद्घाटन. आदल्या दिवशी काकूंनी लिनक्सवर चालणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून माळ घातली, तोच काकांनी मला कोपऱ्यात ओढलं.

"लेका, लिनक्सचा मेन पासवर्ड इसरलोय. त्याच्याबिगार नेट चालू व्हईना. उद्या समदा गाव येनार. आदीच म्हन्त्यात, रान इकून डबा आनला."

"त्यात काय, आत्ता बदलू," मी म्हणालो.

काकू कडाडल्या, "आज अवजाराला हात लावायचा न्हाई!"

काकांनी मॉनिटरपुढं हात जोडले. "देवा, चूक माजी हाय, पोराची न्हाई."

काकूंनीच माळ बाजूला केली.

मशीन सुरू होतानाच मी स्क्रीनवरच्या आज्ञेच्या ओळीत 'सिंगल' हा शब्द घातला. जुना पासवर्ड न विचारताच त्यानं आत घेतलं. "नवा टाका," म्हणून मी पाठ फिरवली. एका बोटाची टकटक सुरू झाली.

"अक्षरच उमटंना की रं!"

"लपवतंय ते. टाका तसंच, दोनदा."

झालं एकदाचं. मग काका कानाशी वाकले आणि मला पासवर्डच सांगून टाकला. "तूबी ध्यानात ठेव. परत इसरलो तर?"

मी मित्रांकडं पळालो आणि सगळी नक्कल केली, अगदी जोडलेल्या हातांसकट. तेव्हा पोट धरून हसलो. आज वाटतं, अख्ख्या गावाला घाबरलेल्या माणसानं एका भाडेकरूवर केवढा भरवसा टाकला होता.

पासवर्ड मात्र मी तेव्हाही सांगितला नाही, आणि अजूनही कुणाला सांगत नाही.