दोन जावा आणि एक सर्जन

माझं शिवणाचं दुकान दिघीच्या जेटीच्या वाटेवर आहे. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई आधी माझ्याकडे बघते, मग भिंतीवरच्या माझ्या जुन्या फोटोकडे बघते आणि विचारते, "सुरेखाताय, ह्यो फोटो तुमचाच काय?" झालं! टेप गळ्यात तशीच राहते आणि माप घेण्याआधी एक किस्सा सांगून होतो. वजन कमी करायचं ऑपरेशन झालं तेव्हा पोट लहान होणार एवढंच मला सांगितलं होतं. किस्से एवढे साचतील याची कल्पना कुणी दिली नव्हती!

आधी माणसं सांगते. आम्ही दोघी जावा. मी थोरली, मनीषा धाकटी. दोघींच्या नवऱ्यांची मिळून एक बोट. मला साखरेचा त्रास, तिला गुडघ्यांचा आणि वजन दोघींना. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एकाच सर्जनने एकाच आठवड्यात दोघींची पोटं लहान करून आतड्याला जोडून दिली. ती घरी आली ती मिरवत. मी आले ती प्लास्टिकचं टोपलं मांडीवर घेऊन. मला उलट्या, मला चक्कर, माझे केस मूठमूठ हातात. तिला काही म्हणजे काही नाही! माझं पोट वाटीएवढं उरलं होतं, पण मत्सराला तेवढी जागा भरपूर झाली.

* * *

पहिलं वर्ष मनीषाच्या ब्लाउजात गेलं. महिना संपायच्या आत ती दुकानात हजर. "वयनी, सैल झायला. जरा आत घ्या ना!" आणि मी एका हाताने टोपलं सरकवून दुसऱ्या हाताने तिच्या खांद्यावर खडू मारायचा. बारीक तर मीही होत होते, पण मला बघून लोक विचारायचे, "तब्येत बरी नाय काय?" आणि तिला बघून विचारायचे, "काय लावतेस गो तोंडाला?"

एकदा मी ठरवलं, आता बास. तिचा लाल ब्लाउज आत घेतलाच नाही. फक्त इस्त्री करून घडी घालून दिला. म्हटलं, बसू दे ढगळ, चारचौघीत जरा नाक खाली होऊ दे.

दुसऱ्या दिवशी मनीषा पेढे घेऊन दारात! "वयनी, तुम्ही काल आत घेतलात आणि आज परत सैल! एका रातीत उतरले मी!"

पेढे गल्लीभर वाटले. मला मात्र एकही खाता आला नाही. गोड मला बाधायचं ना!

* * *

उलट्या थांबेनात म्हणून मी मुंबईला फोन लावला. ऑपरेशनच्या आधी ज्या मुलीने मला दिवसातून दोनदा फोन करून "मॅडम, बिलकुल टेन्शन नहीं लेने का" सांगितलं होतं, ती नोकरी सोडून गेली होती. तिच्या जागी आलेलीने विचारलं, "आपका ऑपरेशन हमारे यहाँ हुआ था क्या?"

मी म्हटलं, "नाही हो, भाजी चिरताना झालं!"

मग कळलं की सर्जनसाहेबही दुसरीकडे गेले. कुठे? ते तिलाही माहीत नव्हतं. नवे साहेब जुन्या साहेबांचे पेशंट बघत नव्हते.

पण पेशंटांचा व्हॉट्सॲप ग्रुप जोरात चालू होता. सकाळी गुलाबाची फुलं, संध्याकाळी आधीचे आणि नंतरचे फोटो. एक दिवस त्यात आमची मनीषा झळकली. हिरवी साडी, कमरेवर हात, खाली लिहिलेलं, 'नवं आयुष्य'. त्या साडीवरचा ब्लाउज मी शिवलेला! मीही लगेच माझा फोटो टाकला. टोपल्यासकट. खाली लिहिलं, 'माझं पण नवं आयुष्य. कुणी डॉक्टर आहेत का ग्रुपवर?'

ग्रुपवर डॉक्टर होते हे मला लगेच कळलं. त्यांनीच मला ग्रुपमधून काढलं!

* * *

गावाकडच्या डॉक्टरांचं काय सांगू! माणूस देवासारखा. सर्दी असो, विंचू चावलेला असो, हात लावला की बरं. माझी फाइल त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सुरेखाताई, ह्यांनी आत काय कुठं जोडलंय ते बाहेरून मला कसं कळणार? ज्यांनी टाके घातले त्यांनाच दाखवा."

मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्याकडं मुंबईचे ब्लाउज बिघडून येतात, ते मी उसवते आणि नीट करून देते. ज्याने शिवला त्याच्याकडे जा म्हणून हाकलत नाही!"

ते म्हणाले, "तुमचा ब्लाउज मरत नाही ना पण."

मी ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी आले.

* * *

आता नारळी पौर्णिमेचा किस्सा. हा गावात सगळ्यांना माहीत आहे, पण खरा मलाच माहीत आहे.

बोटीची पूजा झाली, नारळ समुद्राला गेला, अंगणात बायका जमल्या. नारळीभात मनीषाने केला होता, गुळाचा. तिने स्वतः वाटीभर खाल्ला, हसत खाल्ला. माझ्यापुढे चमचाभर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वयनींना नाय झेपायचा."

नाय झेपायचा? मी भांडं पुढ्यात ओढलं आणि तिच्या डोळ्यात बघून तिच्याएवढाच खाल्ला!

थोड्या वेळात छाती धडधडायला लागली. घामाने अंग भिजलं, हातपाय थरथरू लागले. गरम होतंय म्हणून मी अंबाडा सोडला, तर केस तोंडावर आले. तेवढ्यात चंद्राआत्या, आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी, ओरडली, "अंगात आयलं! सुरेखाच्या अंगात आयलं!"

कपाळावर मळवट भरला गेला. ओटीत तांदूळ पडले. बायका पाया पडल्या. चंद्राआत्याने हात जोडून विचारलं, "आय, औंदा मावरं कुठं गावंल?"

मला पाणी हवं होतं. तोंडातून शब्द फुटेना. हंडा अंगणाच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात होता. मी हात तिकडे केला.

बोटी दक्षिणेला गेल्या आणि पापलेटांनी भरून आल्या! तेव्हापासून बोट सुटायच्या आधी ती हाकणारा तांडेल माझ्या दुकानात येऊन उगाच बटणं विकत घेतो आणि विचारतो, "सुरेखाताय, कंचे बाजूला बघून बसलाव आज?"

त्या रात्री मनीषा तोंड पाडून म्हणाली, "वयनी, मना का नाय येत अंगात?" ती माझ्यावर जळली! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

* * *

त्या दिवशी अंगणाच्या दारात आमची शेजारीण फरीदाभाभी शिवायला टाकलेला कुर्ता न्यायला उभी होती. गर्दी पांगल्यावर तिने मला कोपऱ्यात घेतलं आणि कानात म्हणाली, "अगो, तू पोटाचा ऑपरेशन केलायस ना? रोजा सोडताना मी खजूर जास्त खाल्ले तवा माझी पन हीच गत झाली होती. माझ्या घरचे ॲम्ब्युलन्स बोलवत होते. तुझ्या घरचे पाया पडतात. नशीब तुझं!"

फरीदाचा नवरा आखातात. तिकडे राहायला गेली असताना तिने ऑपरेशन करून घेतलं होतं आणि इकडे कुणाला पत्ताही लागू दिला नव्हता. विचारलं की म्हणायची, "तिकडची हवा मानवली."

तिला परत आल्यावर डॉक्टर मिळाली होती, अलिबागला. दुसऱ्याने केलेल्या ऑपरेशनचे पेशंट बघणारी! आठवड्यातला एकच दिवस आणि मोजकेच पेशंट. फरीदाने मला त्या डॉक्टरचे मेसेज दाखवले. 'आज प्रोटीन घेतलंस का?' 'गोळ्या चुकवू नकोस.' 'चक्कर थांबली का?'

मी वाचत राहिले. मला इतक्या आपुलकीने लग्न झाल्यापासून कुणी काही विचारलं नव्हतं. मनीषाची कंबर एकवेळ परवडली, पण हे मेसेज! मी फरीदाला दोन वेळा रिकाम्या हाताने परत पाठवलं आणि तिचा कुर्ता उशिरा दिला.

फरीदा म्हणाली, "पहिले दिवशी ती पाय बघते. टाचणीनं टोचून."

"पोटाचं ऑपरेशन आणि पाय कशाला?"

"गोळ्या नाय घेतल्या तर नसा सुकतात म्हणते. पायातलं कळायचं बंद होतं. चालणं पन जाऊ शकतं."

मी घरी येऊन हे मनीषाला सांगितलं. ती आरशात बघत म्हणाली, "गोळ्या मी कवाच सोडल्या. मना काय झायलंय? तुमची गोष्ट येगळी, वयनी!"

खरंच माझी गोष्ट वेगळी होती. तिच्या भाचीच्या हळदीसाठी मी तिचा घागरा शिवला. तळाची पट्टी लावताना टाचणी तिच्या घोट्यात शिरली, रक्ताचा थेंब आला. ती हूं की चूं न करता आरशापुढे उभी! तीच टाचणी मला लागली तेव्हा मी जेटीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले. मनात म्हटलं, देवाने हिला सोसायची ताकदही माझ्यापेक्षा जास्त दिली. द्या, सगळं हिलाच द्या!

* * *

शेवटी अलिबागचा नंबर लागला. त्यासाठी फरीदा डॉक्टरच्या किती मागे लागली ते तिलाच ठाऊक. तोवर माझ्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. मशीनचं पायडल मारताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. हा नंबर हुकला तर पुढचा कधी, ते डॉक्टरच जाणे.

नवरे समुद्रावर, म्हणून सोबत मनीषा. मी पेशंट आणि ती नटलेली! हिरवी साडी, तोच फोटोतला ब्लाउज. फेरीबोटीत माणसं तिच्याकडे बघत होती आणि मी पिशवीत तोंड घालून बसले होते.

आगरदांड्याला बोट लागली. मे महिन्याचं ऊन, उतरायची लोखंडी फळी नुसती तव्यासारखी तापलेली. आम्ही जेटीवर चढलो आणि मागून खलाशी ओरडला, "ओ ताई! चप्पल!"

मनीषाची एक चप्पल बोटीतच राहिली होती. त्या तव्यावरून ती अनवाणी पायाने चालत आली होती, गप्पा मारत. मी मनात म्हटलं, बघा, हिला चटकासुद्धा बसत नाही!

आणि मग माझे पाय जागच्या जागी थांबले.

"मनीषा, चप्पल गेलेली कळली नाय तुला?"

"नाय गो वयनी," ती हसली, "हल्ली असंच व्हतं. ध्यान नसतं माझं."

अलिबागला पोचेपर्यंत मी तिच्या पायांकडेच बघत होते. दवाखान्यात माझं नाव पुकारलं. मी तिचा दंड धरून तिला आत घेऊन गेले आणि पेशंटच्या खुर्चीवर बसवलं.

डॉक्टर मॅडमनी फाइल बघितली. "सुरेखा कोण?"

मनीषाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "मी सुरेखा. पण माझ्या नंबरावर हिला बघा."

"असं चालत नाही. एका नंबरावर मी एकच पेशंट बघते. बाहेर लोक थांबलेत."

"एकच बघा. हिला. ऑपरेशन हिचं पण झालंय आणि गोळ्या हिने कधीच सोडल्यात."

"काय बोलता वयनी!" मनीषा उठायला लागली. "मना काय झायलंय? मॅडम, उलट्या ह्यांना व्हतात. ह्यांना बघा, मी नुसती सोबत आल्ये."

"खाली बस!" मी ओरडले.

माझ्या पदराला कायम दोन-चार टाचण्या टोचलेल्या असतात, सवयच आहे. त्यातली एक काढून मी टेबलावर ठेवली. डॉक्टर मॅडमनी टाचणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फाइल मिटली. मनीषाचा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. टाचणी स्पिरिटने पुसली.

"डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मनीषाने डोळे मिटले. चेहऱ्यावर तेच फोटोतलं हसू.

डॉक्टर मॅडमनी अंगठ्याला टाचणी लावली. मग तळव्याला. मग टाचेला. मग घोट्याच्या वर.

"टोचा की मॅडम," मनीषा म्हणाली, "मी नाय घाबरत!"