दार नसलेला टीव्ही

खट्, खट्. टॉर्चचं बटण दोनदा दाबल्याचा तो आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. पहिल्या आवाजासरशी उजेडाचं एक पिवळट वर्तुळ तुमच्या पायांशी येऊन पडे; दुसऱ्या आवाजासरशी ते मिटे, आणि तेवढ्यात तुमची जागा तुम्हाला दिसलेली असे. नागपूरला सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये, बायकांसाठी राखलेल्या लेडीज क्लासच्या दाराशी, जागा दाखवायला मावशी उभ्या असत. ओल्या छत्र्या, भाजलेले शेंगदाणे, केसांतलं खोबरेल अशा नाना वासांनी जडावलेल्या त्या अंधारात त्यांचा आवाज तेवढा स्वच्छ येई : "बसा वं बाई. खुर्ची कोनतीबी घ्या, पडदा सगळ्याइचाच हाये."

मी सून होऊन रामदासपेठेत आले तेव्हा कळलं की त्या आमच्या घरामागच्या गल्लीतच राहतात. ती गल्ली बौद्धांची. मावशींच्या आईने, म्हणजे आजींनी, लेकीला सोबत नेऊन दीक्षा घेतली होती, आणि त्या दिवशीचं पांढरं लुगडं अजून पेटीत जपलं होतं. आमच्या परसदाराच्या फाटकातून त्यांच्या नळावर जाता येई. वाट होती, येणंजाणं मात्र फारसं नव्हतं. अशा वाटा तुम्हीही पाहिल्या असतील.

नागपुरात टीव्ही नवीन होता. आमच्या रस्त्यावर पहिला आला तो आमच्या घरी. सागवानी पेटी, तिला सरकतं शटर, शटरला पितळी कुलूप, आणि कुलपाची किल्ली मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जानव्याला. रविवारी संध्याकाळी सिनेमाची वेळ झाली की ते सदऱ्यात हात घालून किल्ली बाहेर ओढत. जानवं आखूड पडे, म्हणून कुलूप उघडताना त्यांना टीव्हीला जवळजवळ आलिंगन द्यावं लागे. मग शटर घरंगळत बाजूला होई आणि दिवाणखान्यात आरतीपूर्वीची शांतता पसरे.

जागा सासूबाई ठरवत. वेताच्या खुर्च्या आमच्या बरोबरीच्यांना. सतरंजी बाकीच्यांना. मागच्या गल्लीने व्हरांड्यात उभं राहून खिडकीच्या गजांतून पाहायचं. माझी जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, उभ्याने, चहाचा ट्रे हातात घेऊन. लग्नानंतर वर्षभर मी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. शेवटाच्या वेळी कुकर लावायचा असे. माझे पती बदलीच्या गावी होते आणि मी मराठीची एम. ए. होते, पण या दोन्ही गोष्टींची त्या दिवाणखान्यात कुणाला अडचण होत नव्हती.

टीव्हीमुळे टॉकीजचा रविवारचा सहाचा खेळ ओस पडला. लेडीज क्लासला बाईमाणूस येईना, तेव्हा मॅनेजरने मावशींना त्या खेळाची सुट्टी दिली. आयुष्यभर लोकांना सिनेमाला बसवणाऱ्या बाईला रविवारी संध्याकाळी जायला जागा उरली नाही. म्हणून त्या आमच्याकडे आल्या. सोबत आजी होत्या, ते पेटीतलं पांढरं लुगडं नेसून.

मावशी व्हरांड्यातच थांबल्या. आजींना मात्र नियम ठाऊक नव्हता. लेक टॉकीजमध्ये जे सांगे तेच त्या जाणत : रिकामी खुर्ची दिसली की बसायचं. दिवाणखान्यात एक खुर्ची रिकामी होती. आजी आत आल्या आणि बसल्या.

सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सांग त्यांना."

मी गेले. आवाज शक्य तितका गोड केला. "आजी, इथे उकडतंय. तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसता का?" आजींना कमी ऐकू येई. त्या हसून म्हणाल्या, "काय वं माय?" मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. त्या पुन्हा हसल्या. तिसऱ्यांदा मी ओरडून म्हणाले. ते वाक्य तेव्हा सगळ्या दिवाणखान्याने ऐकलं, खिडकीतल्या गजांनीही ऐकलं. मावशी आत आल्या, आईचा कोपर धरला आणि तिला घेऊन निघून गेल्या. पडद्यावर कुणीतरी गात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्ची परसात होती. धुतलेली, उलटी ठेवलेली, वेतातून पाणी ठिबकत असलेली. ती मीच धुतली होती. मावशी घागर घेऊन फाटकाशी उभ्या होत्या.

"खुर्ची धुतली का वं?"

"पाणी सांडलं होतं, मावशी."

"अस्सं. पाणी सांडलं म्हणून पाण्यानं धुतली."

तोवर त्या मला 'तुम्ही सूनबाई' म्हणत. त्या सकाळपासून मी 'तू' झाले. ती जवळीक नव्हती, हे मला कळायला फार दिवस लागले.

आठवड्याने त्या पुन्हा फाटकाशी आल्या. "मले टीव्ही घ्याचा हाये. तू चाल माह्यासंगं."

"मी?"

"तुले इंग्रजी कागदं वाचता येतेत. आन् घरी सांगून येजो, कोनासंगं चालली ते." मग घागर कमरेवर सावरत, कुणाला वाराची आठवण करून द्यावी इतक्या सहज, त्या म्हणाल्या, "तुही सासू माह्या घरी बसून माह्या घरचं पानी पेईन. चार लोकाइत. ते पाह्यल्याशिवाय मी मरत नाई."

मी पश्चात्तापाने गेले असं लिहिलं असतं तर माझी प्रतिमा बरी दिसली असती. पण मला सासूबाईंचा चेहरा पाहायचा होता. ज्या बाईने वर्षभर मला सिनेमाचा शेवट पाहू दिला नाही, तिचा शेवट मला जवळून, बसून पाहायचा होता.

टीव्ही कसा निवडावा हे मी मावशींकडून शिकले. सीताबर्डीच्या पहिल्या दुकानात संध्याकाळच्या बातम्या चालू होत्या. मावशींनी आत येताच फर्मान सोडलं : "भाऊ, लाइट बंद करा."

"दुकानात अंधार करू, बाई?"

"काहून? सिनेमा का उजेडात पाह्यतेत?"

ट्यूबलाइट विझला. बातम्या देणाऱ्या बाईंच्या केसांकडे मावशी कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "राखुंडी लावल्यावानी दिसून राह्यले केसं. काळं कसं काळं दिसलं पाह्यजे. काळंच नसन तं सिनेमातली रात कशी दिसन?" दुकानदाराने बटणं पिरगाळली. राख थोडी गडद झाली, एवढंच. आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात त्या थेट कोपऱ्यात गेल्या आणि खोक्यांच्या आडोशाला जमिनीवर बसल्या. दुकानदार गडबडला. "बाई, समोर बसा ना, समोरून छान दिसतो."

"समोरून तं कोनताबी छान दिसते, भाऊ. इथून कसा दिसते ते पाहून राह्यली." टॉकीजमध्ये कोपऱ्यात बसणाऱ्या बायांचं दुःख त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. तिथून नायिका काडेपेटीतल्या काडीएवढी दिसे, आणि घरी जाऊन बायका मान चोळत बसत.

तिसरं दुकान जरीपटका या वस्तीतलं. तिथे त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं. "आवाज नीट पाह्यजे. हळू बोललेलं समजलं पाह्यजे. माह्या मायले वरडून सांगितलेलं लागते." हे त्या दुकानदाराला सांगत होत्या. पाहत माझ्याकडे होत्या.

तिथेच त्यांना हवा तो टीव्ही मिळाला. काळं खरोखर काळं होतं, विहिरीत वाकून पाहावं तसं. दुकानदाराने त्याच जातीचा शटरवाला पुढे केला. "बहनजी, ये वाला लीजिए. दरवाजा है, ताला है, शान है इसमें."

"दार आलं का राखनदार आला," मावशी म्हणाल्या. "जनमभर दाराशी उभी राह्यली, भाऊ. बिनदाराचा द्या."

रिक्षात त्यांनी तो मांडीवर घेतला, माहेरी आलेल्या बाळंतिणीचं मूल घ्यावं तसा. मागच्या गल्लीचा रस्ता जवळचा होता. त्यांनी रिक्षा पुढच्या रस्त्याने, आमच्या फाटकावरून नेली. "घंटी वाजव गा," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. तो वाजवत राहिला. सासूबाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्यांच्या हातातली मेथीची जुडी मी रिक्षातून पाहिली. ती जागच्या जागी थांबली होती. तेवढ्या एका क्षणाची चव मला पुढे कित्येक दिवस पुरली.

पुढच्या रविवारी आमचा व्हरांडा रिकामा झाला. त्यापुढच्या रविवारी सतरंजी. मावशींच्या खोलीत टीव्ही उंच फळीवर होता आणि खाली एकच चटई, भिंतीपासून भिंतीपर्यंत. जो आधी येई तो आधी बसे. हळूहळू आमच्या खुर्च्यांवरची माणसंही तिकडे जाऊ लागली, कारण काळं तिथे काळं दिसे. प्रेक्षक नसलेल्या दिवाणखान्यात मामंजी टीव्हीचा आवाज वाढवत. भिंतीपलीकडून हशा आला की आणखी वाढवत.

आणि मग श्रावणी आली. त्या वर्षी ती रविवारीच होती. मामंजींनी नवं जानवं घातलं, जुनं तुळशीपाशी ठेवलं आणि रीतीप्रमाणे मला म्हणाले, "पाण्यात सोड." मी ते उचललं. धाग्याला घामाचा, गंधाचा, चंदनी साबणाचा वास होता, आणि गाठीशी किल्ली तशीच लटकत होती.

मी ती पाहिली. नीट पाहिली. परसातली विहीर पावसाने वर आलेली होती. मी हात लांब केला आणि बोटं उघडली. पितळ फार लहान आवाज करून बुडतं.

संध्याकाळी मामंजींनी सदऱ्यात हात घातला. कोरं पांढरं जानवं बाहेर आलं. त्यांनी ते पुरतं फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पीठ चाळत होते. रविवारी कुलूपवाला मिळेना आणि सागवानावर हातोडा चालवायला त्यांचं मन होईना. त्या दिवशीचा सिनेमा सासूबाईंच्या लग्नाच्या वर्षीचा होता. आठवडाभर त्या त्याचीच वाट पाहत होत्या. बंद शटरसमोर त्या बसून राहिल्या. भिंतीपलीकडून नामावलीचं संगीत आलं. त्यातली सनई ओळखीची असावी, कारण त्यांनी डोळे मिटले. मग उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "चल गं."

"कुठे जाता?" मामंजी म्हणाले. सासूबाई तोवर परसदाराच्या फाटकाशी पोचल्या होत्या.

मावशी दारातच होत्या. "या," म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. खोली भरलेली होती. कुणीच उठेना. तेवढ्यात आजी थोड्या सरकल्या आणि शेजारची चटई त्यांनी तळहाताने थोपटली. सासूबाई आजींच्या शेजारी बसल्या, मांडीला मांडी लावून. दुसरी जागाच नव्हती.

मध्ये बातम्या लागल्या तेव्हा मावशींनी माठातून पाणी काढलं. पेले पुढून मागे फिरले. एक सासूबाईंच्या पुढ्यात आला आणि मावशींच्या हातात थांबला. बातम्या चालू होत्या, पण ऐकत कुणी नव्हतं. पोट्टीसुद्धा गप्प. आजींना त्या शांततेचा पत्ता नव्हता; त्या आपल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "पे वं बाई. गोड हाये पानी."

सासूबाईंनी पेला घेतला. घशातून पाणी उतरल्याचा आवाज मी ऐकला, आणि माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. मावशींच्या चेहऱ्यावर मी विजय शोधला. त्या फक्त रिकामा पेला परत घेण्यासाठी हात पुढे करून उभ्या होत्या. मग तो सिनेमा मी बसून, शेवटपर्यंत पाहिला.

दुसऱ्या दिवशी नळावर मी त्यांना हळूच म्हणाले, "मावशी, किल्ली मीच विहिरीत टाकली. तुमच्यासाठी."

"माह्यासाठी?" त्या हसल्या. "तुह्या मनात होतं, तू टाकली. मस्त केलं. पन माह्या नावावर काहून मांडून राह्यली?"

पुढे मामंजींचं शटर सुताराने उघडून दिलं, पण सासूबाई रविवारी मागच्या गल्लीतच जात राहिल्या. आजी वारल्या त्या दिवशी सासूबाई गल्लीत डोक्यावर पदर घेऊन सबंध सकाळ उभ्या होत्या. तीन-चार वर्षांत टॉकीजचा लेडीज क्लास बंद झाला. मावशींच्या भाच्याला हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी लागली, जवळच खोली मिळाली आणि तो मावशींना न्यायला आला.

टेम्पोत सामान थोडंच होतं. टीव्ही आजींच्या गोधडीत गुंडाळून त्यांनी पायांशी घेतला होता. गाडी सुरू झालेली, डिझेलचा धूर गल्लीत भरलेला. मी टेम्पोच्या मागच्या फळीला धरून उभी होते. इतकी वर्षं एका चटईवर बसून आम्ही इतके सिनेमे पाहिले होते की उत्तर मला ठाऊकच आहे असं वाटत होतं. केवळ ते ऐकावं म्हणून मी विचारलं.

"मावशी, आजींना उठवलं त्याची मला माफी दिलीत ना?"

त्यांनी घाई केली नाही. गोधडीचं टोक नीट आत खोचलं, माझ्या फळीवरच्या हातावर आपला खरखरीत, ऊबदार तळहात ठेवला आणि माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या,

"नाई."